मदत हवी आहे: मुलगा गादीखाली खाणं लपवतो (दत्तक, वय साडेसात)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

लेकाला घरी आणलं तेव्हा तो दोन वर्षं आठ महिन्यांचा होता. त्याआधी जन्मापासून शिशुगृहात. आता दुसरीत आहे. अभ्यास बरा, चित्रं झकास काढतो.

रविवारी ऊन दाखवायला गादी उचलली तर खाली अर्धी पोळी, दोन बिस्किटं, गुळाचा खडा आणि त्याला लागलेली मुंग्यांची रांग. पोळी पापडासारखी कडक झालेली. मी ओरडले नाही, पण चेहऱ्यावर दिसलंच असणार, कारण तो लगेच म्हणाला, "मी नाही ठेवली." आमच्याकडे खाण्यापिण्याला कधी आडकाठी नाही हो!

गुडघा फुटला तरी रडत माझ्याकडे येत नाही, रक्त सदऱ्याला पुसून खेळत राहतो. उलट सिलिंडरवाल्या काकांचा हात धरून बिनदिक्कत जिना उतरून गेला होता. शाळेतून चिठ्ठी आली की इतरांच्या डब्यातलं घेतो, घरी वळण लावा. सासूबाईंच्या मते मी लाडावून ठेवलाय. एक आत्याबाई तर "शेवटी रक्त" म्हणाल्या, तेही त्याच्यादेखत. त्यांच्याबद्दल इथे लिहिलं तर धागा उडेल.

पहिल्या अडीच वर्षांचं हे असं इतकी वर्षं राहतं का? त्याला तर तिथलं काही आठवतही नाही. आणि दाखवायचं कुणाला? आम्ही सांगलीत असतो.

तिखटमीठ: आमच्या लहानपणी आम्हीही लाडू पळवायचो. फार डोक्यात घेऊ नका, फटका द्या एक.

गवतफूल: तिखटमीठ, फटका अजिबात नको. पळवलेला लाडू लगेच पोटात जातो, पोळी चार दिवस गादीखाली राहत नाही.

ताई, मी मुलांसाठी समुपदेशनाचं काम करते. आठवत नसलं तरी राहतं. भूक लागून रडल्यावर दर वेळी तेच माणूस धावत येतं, त्यातून बाळाला भरवसा शिकायला मिळतो. शिशुगृहात सांभाळणाऱ्या एका ताईकडे दहा बाळं आणि तिचीही पाळी बदलणारी, तिथे रडून उपयोग नाही हे बाळ शिकतं. तुमचा मुलगा गुडघा फुटल्यावर रडत नाही तो त्यामुळे असू शकेल. आणि जो येईल त्याला हसून बिलगायचं, हेही तिथे कामाचंच होतं.

रुमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांवर यासंबंधी बरंच काम झालंय. बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात 136 बाळं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी पालक-कुटुंबांत, म्हणजे मूल सांभाळायला घेणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत, पाठवली. त्यांची माणसाशी जवळीक सुधारली, भीती-उदासी कमी झाली आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांना जास्त फायदा झाला. चंचलपणा मात्र तितकासा हलला नाही. तिथली जी मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली, त्यांच्यात परक्याच्या मागे जाण्याची खोड बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं टिकली. पण सहा महिन्यांहून जास्त काळ संस्थेत काढलेल्यांतही साधारण पाचातल्या एकाला मोठेपणापर्यंत कसलाच त्रास दिसला नाही. तेव्हा आत्याबाईंचं रक्तबिक्त सोडा. रुमानियातली ती अनाथालयं भयानक होती, तुमचं शिशुगृह तसंच असेल असंही नाही.

बालमनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवाच. काय झालंय याचं निदान त्यांना करू द्या, इथे कुणी करू नये, मीसुद्धा नाही.

दोनलेकींचाबाबा: आमची धाकटी अशीच होती. उशीच्या अभ्र्यात चुरमुरे! घरातले खाऊचे डबे हाताशी असून उपयोग नाही, ते घराचे असतात. तिचा म्हणून एक डबा केला, झाकणावर तिने स्वतः मांजर काढलं. नियम एकच: तो कधीही रिकामा दिसता कामा नये आणि न विचारता उघडायचा. पहिले पंधरा दिवस दिवसातून दहादा उघडून नुसता बघायची, खायची नाही. अभ्र्यातले चुरमुरे थांबायला मात्र आठ-नऊ महिने गेले. शाळेच्या बाईंना सगळं सांगत बसू नका, तेवढं खासगी राहू दे. जादा डबा द्या आणि 'चोर' शब्द वर्गात नको एवढंच सांगा.

गवतफूल: डब्याची युक्ती छान. मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करता येईल. तोवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. आणि पडला की त्याने यायची वाट बघू नका, तुम्हीच जा. फुंकर घाला, नाटकी वाटलं तरी.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. तिखटमीठ, तुमचेही, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद फार आवडला.

काल स्टीलचा डबा आणला. त्याने वर बस काढली. रात्री झोपायच्या आधी विचारलं, "उद्या पण भरलेला असेल?" असेल म्हटलं. सकाळी उघडून बघितला, दोन शेंगदाण्याच्या चिक्क्या खिशात घातल्या आणि एक माझ्या पर्समध्ये ठेवली. गुरुवारी मिरजेला जातोय, झालं की लिहिते.