‘रूकी मिस्टेक’ औपचारिक पत्रात चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार. सांगलीच्या हळद बाजारातील एका पेढीचा इंग्रजी पत्रव्यवहार मी पाहतो. नव्याने लागलेल्या मुलाने बारदानासह भरलेले वजनच निव्वळ वजन म्हणून बीजकात लिहिले, आणि परदेशी ग्राहकाला द्यायच्या खुलाशात ‘रूकी मिस्टेक’ (नवख्याच्या हातून होणारी चूक) असे लिहावे, असे मालकांनी सुचवले आहे. ‘रूकी’ हा शब्द आधी नवख्या शिपायासाठी आणि पुढे अमेरिकेत बेसबॉलच्या पहिल्या हंगामातील खेळाडूसाठी रूढ झाला. मुरलेल्या माणसालाही तो टोमणा म्हणून ऐकवतात. म्हणूनच पत्रात तो उथळ वाटेल, अशी शंका येते. ‘टीदिंग ट्रबल्स’ येथे बसत नाही, कारण ते नव्या कामाच्या सुरुवातीच्या अडचणींना म्हणतात, एखाद्याच्या चुकीला नव्हे. जाणकारांनी कृपया योग्य शब्दप्रयोग सुचवावा. पत्र उद्याच पाठवायचे आहे.