खुर्ची मुख्याध्यापकाची: बदल, प्रशिक्षणं आणि आपली तब्येत (अनुभव सांगा)

शाईचा शिक्का (धागाकर्ती, सांगली जिल्हा)

मुख्याध्यापक मंडळी, हा धागा तुमच्यासाठी. नवं शैक्षणिक धोरण, निपुण भारत (लहान मुलांच्या वाचन-गणिताची मोहीम), पहिलीचा नवा अभ्यासक्रम, आधारवरची संचमान्यता (आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर शिक्षकांची पदं), टीईटीबद्दलचा (शिक्षक पात्रता परीक्षा) कोर्टाचा निकाल: गेल्या काही वर्षांत आपल्या टेबलावर काय काय येऊन पडलं ते वेगळं सांगायला नको. धोरणात असंही लिहिलंय की शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकानेही वर्षाला 50 तास प्रशिक्षण घ्यावं. तास भरतात, प्रमाणपत्रंही निघतात. पण त्यातलं उपयोगी काय पडलं? आणि हे सगळं करताना झोप, बीपी, घर कसं सांभाळलंत? शाळेचं, साहेबांचं नाव नको. उपदेश नको. झालं ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. अनुदानित माध्यमिक शाळा. सेवाज्येष्ठतेने नंबर लागला. मार्चपर्यंत दहावीला मराठी शिकवत होते, जूनमध्ये पगारबिलावर सही करायला लागले. चार्ज घेतला म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, शिक्के, डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या वस्तूंची नोंदवही) आणि निर्लेखनाची, म्हणजे मोडीत निघण्याची, वाट बघत पडलेले बंद कॉम्प्युटर ताब्यात घेतले. बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणातलं याची नोंद) म्हणजे काय ते माहीत होतं. ती तपासून कशी आणायची हे कुणी सांगितलं नव्हतं. नेतृत्वाचं प्रशिक्षण पुढे कधीतरी आलं. त्यात 'शाळेची दूरदृष्टी' यावर गटकार्य होतं, चार्टपेपर आणि स्केचपेन घेऊन. तोवर आमच्या निवृत्त लिपिकभाऊंनी रविवारी शाळेत येऊन मला शालार्थ (पगाराचं पोर्टल), सेवापुस्तक, वेतनेतर अनुदान (पगाराशिवायच्या खर्चाचं) सगळं शिकवून टाकलं होतं. त्यांनी एकच अट घातली होती: जे समजत नाही त्यावर सही करायची नाही, मग समोर कोणीही उभा असो. ती सवय लागली आणि रात्रीची झोप परत आली.

कुडाची शाळा (जि. प., दोनशिक्षकी, नंदुरबार)

आरटीईप्रमाणे (शिक्षणहक्क कायदा) प्राथमिक शाळेचा पट 150 च्या वर गेला तर स्वतंत्र मुख्याध्यापक. आमचा पट त्याच्या जवळपासही नाही, म्हणून मी प्रभारी. पहिली ते तिसरी एका खोलीत माझ्याकडे, आणि वर मुख्याध्यापकाचं सगळं.

आधारचं सांगतो. पोर्टलवर मुलाचं नाव, लिंग, जन्मतारीख आधारशी जुळली तर ते व्हॅलिड. आमच्या पाड्यावर निम्म्या लोकांची जन्मतारीख 1 जानेवारी, कारण ऑपरेटरने तीच टाकली. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरला आईने सांगितलेली, होळीच्या आसपासची. लहानपणी आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं, पाच वर्षं झाली की ठसे द्यायला जावं लागतं, आणि नेमके तेव्हा आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. पोरगं रोज माझ्यासमोर बसून पाढे म्हणतंय, पोर्टलच्या हिशेबी ते नाहीच. ते नाही म्हणून पट कमी, पट कमी म्हणून दुसऱ्या गुरुजींच्या पदावर टांगती तलवार. तालुक्याच्या सेंटरवर पोरांना मोटारसायकलवरून नेलंय मी, एक टाकीवर, दोन मागे. सेंटरवाला म्हणतो सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.

त्या काळात जेवण जाईना, छातीत धडधडायचं. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. बरं!

फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. केंद्राची (आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद संपल्यावर आम्ही काही प्रभारी चहाला थांबलो होतो. सगळ्यांचं रडगाणं एकच. तिथे ठरलं की कामं वाटून घ्यायची. आधार मी बघणार, यू-डायस (शाळेच्या माहितीचं पोर्टल) दुसरा, पोषण आहाराचं ऑनलाइन तिसरा, शिष्यवृत्ती बाई. ज्याने त्याने आपल्या एका विषयात पक्कं व्हायचं आणि बाकीच्यांचं अडलं की फोनवर सोडवायचं. आधारमध्ये आता मी इतका तयार झालोय की गटातून फोन येतात. बाकी पोर्टलांची भीती गेली, कारण तिथे अडलो तर कुणाला विचारायचं ते माहीत आहे.

खिचडीची चव

कुडाची शाळा, तुमचा तिसरा गडी आमच्याकडे पाठवा. पहिली ते पाचवी माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150, इथपर्यंत हिशेब सरळ होता. 2024 ला तीन पदार्थांचा मेनू आला: भाताचा प्रकार, मोडाची कडधान्यं, खीर. पोरांना आवडला, खोटं कशाला बोलू. पण मटकीला मोड यायला आदल्या दिवशी भिजवावी लागते, म्हणजे कुलूप लावायच्या आधी मीच स्टोअररूममध्ये. आणि दुसऱ्या दिवशी चव नोंदवहीत सही करायलाही मीच.

मागच्या बाकावरची (शिक्षिका)

मी मुख्याध्यापक नाही, तरी लिहिते. तुमचा ताण खरा आहे, पण तो तुमच्यापाशी थांबत नाही. रात्री साडेदहाला ग्रुपवर लिंक, खाली 'उद्या सकाळी 10 पर्यंत, अन्यथा जबाबदारी आपली'. वरून आलेला मेसेज जसाच्या तसा आमच्या अंगावर. मग सगळे ओळीने 'ओके सर'.

आमच्या आधीच्या बाई असं करायच्या नाहीत. पत्र स्वतः वाचायच्या, ऑफिसात असलेली माहिती स्वतः भरायच्या, आणि उरलेली दोन-तीन उत्तरं सकाळी परिपाठ झाल्यावर उभ्याउभ्या विचारून घ्यायच्या. वेळ तेवढाच लागायचा. आमचं तोंड मात्र वर्गाकडे राहायचं. नवा अभ्यासक्रम आला तेव्हाही आधी त्यांनीच आठवडाभर पहिलीचा वर्ग घेतला, मग आमच्याशी बोलल्या. त्यांच्यावर रागावणं अवघड होतं.

पेन्सिल-रबर (खाजगी प्राथमिक, पुणे जिल्हा)

तिसऱ्या भाषेचं कुणी काढलं नाही अजून? 16 एप्रिल 2025 ला जीआर (शासन निर्णय): पहिलीपासून हिंदी. उन्हाळ्यात वेळापत्रक बसवलं. 16 जूनला शाळा उघडली, 17 जूनला सुधारित जीआर: हिंदी सर्वसाधारणपणे, तिच्याऐवजी वेगळी भाषा हवी तर वर्गात किमान 20 मुलं हवीत. पुन्हा वेळापत्रक. 29 जूनला दोन्ही रद्द, समिती नेमली. पुन्हा.

बाजू कुणाचीही घ्या, तो विषय इथे नको. फाटकाशी उभ्या पालकांना रोज उत्तर द्यायचं होतं ते मला. एकाला हिंदी हवी होती, शेजारच्याला तिचं नावही नको होतं, आणि दोघांच्याही मते निर्णय मीच घेतला होता. शेवटी सूचनाफलकावर तारीख घालून एक ओळ लावली: 'आज रोजी लागू असलेला शासन निर्णय असा आहे.' बदल झाला की कागद बदलायचा. फाटकाशी चर्चा बंद, आणि माझं डोकं दुखणंही. कुठल्याही प्रशिक्षणात 'ठरलेलं नाही' हे पालकांना कसं सांगायचं ते शिकवत नाहीत. शिकवायला हवं.

माडाखालची शाळा (गोवा, डिचोली तालुका)

आमच्याकडे धक्का कॅलेंडरचा बसला. 2025 मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष जूनऐवजी 7 एप्रिललाच सुरू झालं. त्याच्या आधीच्या वर्षी नववीला नवं धोरण लागू झालेलं, त्याची घडी बसते न बसते तोवर हे. एप्रिल म्हणजे जत्रा, लग्नं, काजूचा हंगाम. निकालपत्रकं हातावेगळी व्हायच्या आत पुढचा वर्ग समोर. माझ्या स्टाफमधल्या एका शिक्षिकेच्या भावाचं लग्न त्याच आठवड्यात होतं.

मी एवढंच केलं की पहिल्या दिवसांत अभ्यासक्रम पुढे रेटायचा नाही असं सरळ सांगितलं. मागच्या वर्षी कच्चं राहिलेलं तेवढं घ्यायचं, सावलीत, पंख्याखाली. पालक सभेत मी उन्हाची तक्रार ऐकून घेतली, तिला उत्तर देत बसलो नाही. वर्गात पाणी पिण्यासाठी दोन घंटा वाढवल्या. आता मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा वर्ग ओळखीचा झालेला असतो, हा फायदा मला आधी दिसला नव्हता. दमणूक मात्र आहेच, ती नाकारून चालायचं नाही.

पन्नाशीतली परीक्षार्थी (उच्च प्राथमिक, विदर्भ)

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलीत त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाचपेक्षा कमी उरलीत त्यांची नोकरी राहते, बढती नाही. मी पहिल्या गटात, थोडक्यात अडकलेली. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही.

150 प्रश्न, अडीच तास, पास व्हायला 60 टक्के. ज्यांनी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या त्यांना आता गोळे काळे करायचे. अपमान वाटला, तो वाटलाच. पण मुख्याध्यापिका म्हणून माझ्यापुढे दोन रस्ते होते: दार लावून एकटीने अभ्यास करायचा किंवा सगळ्यांसमोर पुस्तक उघडायचं. मी उघडलं. शाळा सुटल्यावर आम्ही एकत्र बसायला लागलो. गणित आमचे तरुण सर घेतात, मराठी व्याकरण मी, बालमानसशास्त्र जो तो वाचून दुसऱ्याला सांगतो. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत मुलं कशी शिकतात यावर आमच्या स्टाफरूममध्ये एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. पोर्टल, बिलं आणि बदल्या यांच्यापुढे गाडी जातच नसे.

मला सगळ्यांत अवघड गेलं ते माझ्या हाताखालच्या मुलीने माझी चूक काढणं. आता नाही जात.

शेरेबुक (निवृत्त, सातारा)

तुमचं वाचून वाईट वाटतं, पण आमचा काळ सोपा होता असं कुणी सांगितलं तर मानू नका. 2000 साली मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना स्वतःलाच इंग्रजी बोलायची धास्ती होती. 2010 ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, नोंदी लिहून बोटं दुखली. साहेब वर्षातून क्वचित यायचे, पण आले की शेरेबुकात काय लिहितील या विचाराने आठवडाभर शाळा धुतली जायची.

माझ्या नोकरीतलं सगळ्यांत चांगलं प्रशिक्षण प्रशिक्षण नव्हतंच. आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून गाड्या येत होत्या तेव्हा आम्हीही गेलो. जमिनीवर आखलेले तक्ते, खडे, काड्या घेऊन बसलेली मुलं, आणि बाई खुर्चीत नाहीत. कुणी भाषण केलं नाही. मागे उभं राहून बघायचं, मधल्या सुट्टीत त्यांच्या मुख्याध्यापकाला खोदून विचारायचं. परतीच्या एसटीत आमच्यात भांडणं झाली, 'आपल्याकडे चालणार नाही' आणि 'का नाही चालणार' अशी. निम्मं काम त्या भांडणात झालं. नंतर त्याच गोष्टीची सक्ती झाली आणि फरशी रंगवली की ज्ञानरचनावाद (मूल स्वतः करून शिकतं हा विचार) आला असं समजणारे निघाले, तो भाग सोडा.

लेस्टरकर (असिस्टंट हेड, इंग्लंड)

मूळची कोल्हापूरची, इथल्या प्राथमिक शाळेत आहे. इथे पोर्टल बरी आहेत, भीती ऑफस्टेडची, म्हणजे तपासणी यंत्रणेची. पूर्ण शाळेचं माप एका शब्दात काढलं जायचं. रीडिंग शहरातल्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी जानेवारी 2023 मध्ये जीव दिला. त्यात तपासणीचा वाटा होता, असं मृत्यूच्या चौकशीत त्या डिसेंबरात नोंदवलं गेलं. सप्टेंबर 2024 पासून तो एका शब्दाचा शेरा बंद झाला.

आमच्याकडे काही मुख्याध्यापकांना आता 'सुपरव्हिजन' मिळतं. नाव ऐकून तपासणी वाटेल, पण ती नव्हे. समाजसेवकांकडून आलेली पद्धत आहे: ठरावीक दिवशी, शाळेबाहेरच्या प्रशिक्षित माणसासमोर तासभर बसायचं आणि मनावर काय साचलंय ते बोलायचं. अहवाल कुठेही जात नाही. पहिल्या वेळी मी तासभर वेळापत्रकाबद्दलच बोलले. पुढच्या वेळी बोलता बोलता रडले. तिने काही सुचवलं नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि 'मग?' एवढंच विचारलं.

गुरुजींचं घर

अहो मुख्याध्यापक आहेत, मी नाही. लेस्टरकर ताई, इकडे तसं कुणी नाही, पण टेलीमानसचा (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) 14416 नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. आमच्या ह्यांनी आधी नाक मुरडलं. 'मला काय वेड लागलंय?' मी म्हटलं, वेड नको लागायला म्हणून लावा. बीपीची गोळी रोज घेता ना, मग फोनने काय बिघडतं? लावला एकदाचा, बाहेर अंगणात जाऊन. काय बोलले ते मी विचारलं नाही. जेवताना फोन कपाटावर ठेवायचा एवढं मात्र तेव्हापासून सुरू झालं. पहिले काही दिवस हात सारखा खिशाकडे जायचा.

शाईचा शिक्का

सगळ्यांचे आभार. कुडाची शाळा, तुमची वाटणी आमच्या तालुक्यात करून बघायची आहे. एक शंका: एकमेकांना लॉगिन, पासवर्ड देता का? आमच्याकडे त्यावरून भांडणं होतील.

कुडाची शाळा

अजिबात नाही. लॉगिन ज्याचं त्याचं, ओटीपी सख्ख्या भावालाही नाही. अडलं की स्क्रीनशॉट टाकायचा, समोरचा कुठे दाबायचं ते सांगतो, दाबायचं आपणच. मुलांचे आधार नंबर दिसत असतील तर ते झाकून टाकायचे. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यायची सवय लागली तर मूळ मुद्दाच बुडतो. महिन्यातून एका शनिवारी सकाळची शाळा सुटली की आळीपाळीने एकेकाच्या शाळेत बसतो. बाई भाकरी-ठेचा आणतात. जेवण होईपर्यंत पोर्टलचं नाव जो काढेल त्याच्याकडून सगळ्यांना चहा. गेल्या वेळचा माझ्याकडे लागला.