पडद्यावरचे डाग: दिवा नव्हे, धूळ

प्रोजेक्टरच्या चित्रात पडद्यावर दिसणारे धूसर डाग म्हणजे त्याचा दिवा संपत आल्याचे लक्षण, हे मत पटत नाही. दिवा थकला की सगळे चित्रच मंदावते, ठरावीक जागी डाग पडत नाहीत. स्वस्त एलसीडी प्रोजेक्टरमध्ये पॅनेल (ज्यावर चित्र तयार होते तो काचेचा पडदा) थंड राहावे म्हणून पंख्याची हवा थेट त्याच्या काचांमधून खेळवलेली असते, त्यामुळे धूळ नेमकी तिथेच बसते. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत वेचणीनंतर घरातच कापूस रचलेला असतो, आणि तेव्हा प्रोजेक्टरच्या हवेच्या जाळीवरून बोट फिरवले तर पांढऱ्या तंतूंचा पापुद्राच निघतो. यंत्र बंद करून ते पूर्ण थंड झाल्यावर जाळी स्वच्छ करावी आणि आत रबरी ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण काचेला चिकटतात.

मध्यभागी पिवळट डाग असेल आणि सफाईनंतरही तो तसाच राहिला, तर बहुधा उष्णतेने पोलरायझरची (पॅनेलजवळच्या, ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याची) फिल्म भाजलेली असते व ती बदलावीच लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून अनेकजण प्रोजेक्टर कूलरच्या झोतात ठेवतात (आमच्या घरीही तोच आग्रह होता), पण त्या ओलसर हवेने धूळ आणखी घट्ट बसते. त्यापेक्षा कूलर प्रेक्षकांकडे वळवावा आणि चित्रपट रात्री अंगणातल्या भिंतीवर लावावा.