लाकडी लूरवरचा क्लिअर कोट: तुमचे अनुभव, तुमची प्रमाणं

जिताडा, तांबोशी, मरळीसाठी घरी लूर (मासे पकडायचं लाकडी नकली आमिष) कोरणारे बरेच जण आहेत. कोरणं आणि रंगवणं जमतं, घोडं अडतं ते रंगावरच्या पारदर्शक थरापाशी, म्हणजे क्लिअर कोटपाशी. काय वापरता, किती हात देता आणि कुठे बिघडतं ते लिहा. आकड्यांसकट, प्लीज.

खाडीकाठ
३० मिनिटवाला इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवलं की तेवढ्या वेळात घट्ट व्हायला लागतो तो). ५ मिनिटवाला बाद. ब्रश शेपटीकडे जाईस्तोवर तोंडाकडचा भाग घट्ट व्हायला लागतो. १० सेंमी लूरला एका हाताला साधारण २ मिली पुरतं. रेझिन आणि हार्डनर वेगवेगळ्या सिरिंजने, समसमान. काट्यावर मोजत असाल तर हे प्रमाण चालणार नाही, हार्डनर वजनाला हलका असतो. पसरट झाकणात कडा आणि तळ खरवडत पूर्ण दोन मिनिटं कालवायचं. मग मिनिटाला ५-६ फेऱ्यांच्या सिंक्रोनस मोटरवर (एकाच वेगाने फिरणारी छोटी मोटर) लूर आडवा लावून चार तास फिरवायचा, नाहीतर सगळं पोटाशी ओघळून थेंब धरतं. हूक लावायला २४ तास थांबा.

दोन दिवसांनीही एखादा पट्टा बोटाला चिकटत असेल तर तिथलं मिश्रण कच्चं राहिलंय. वरून दुसरा हात दिला तरी खालचं कच्चंच राहतं. खरवडून काढा.

रंधापटाशी
बुडबुड्यांबद्दल. कालवताना शिरलेले बुडबुडे लायटरची ज्योत झर्रकन फिरवली की फुटतात. पण फोडल्यावर त्याच जागी पुन्हा येत असतील तर हवा लाकडातून येतेय. पांगारा, सावर, बाल्सा यांत हे हमखास. म्हणून रंगाच्या आधी सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) दोन हात, मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर. हूकच्या स्क्रू-आयचं (डोक्याला कडी असलेला स्क्रू) भोक आतून भिजलंच पाहिजे: काडीने इपॉक्सी सोडा, मग स्क्रू फिरवा. लूर फुगून कोट तडकतो तो बहुतेक वेळा या भोकातून पाणी शिरल्यामुळे. दोष कोटला देतात!

सागवानाचं उलटं. लाकूड तेलकट, त्यामुळे कोट पापुद्र्यासारखा सुटतो. सीलरआधी थिनरने पुसा.

भरतीओहोटी
पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणचट थर येतो. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या दमटपणाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून तो होतो. थेट पॉलिश पेपर मारू नका, मेण आणखी आत चोळलं जातं. आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि घासणी. वाळल्यावर ४०० नंबर, मग दुसरा हात.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरही दमट हवेत पांढरट पडतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर दव धरतं. तरी लॅकरच हवं असेल तर आठ-दहा पातळ बुडव्या, दोन बुडव्यांत अर्धा तास. लूर सावकाश वर काढा, शेपटीचा थेंब टिपा. मार्करने काढलेले खवले लॅकरखाली हमखास पसरतात. आणि पॉलिकार्बोनेटची जीभ (लूरच्या तोंडाशी बसवलेली प्लास्टिकची पट्टी) आधी टेपने झाका. थिनर लागला की तिच्यावर जाळीदार चिरा पडतात.

मरळवाला
@खाडीकाठ, वजनाचं राहिलं. २ मिलीचे दोन हात म्हणजे चार ग्रॅमहून जास्त. १५ ग्रॅमच्या लूरला हे फार झालं; तरंगणारा लूर पाण्यात मध्येच लटकायला लागतो. शिसं बसवण्याआधी कच्चा लूर हूक, रिंगा आणि चार ग्रॅम जादा वजन बांधून बादलीत सोडून पाहा. गोड्या पाण्यातच तपासा, खारं पाणी जास्त उचलतं.

खाडीकाठ
बरोबर. त्यात एक भर: उन्हात इपॉक्सी पिवळा पडतो, पांढऱ्या पोटाच्या लूरवर लगेच दिसतं. तिथे शेवटचा हात टू-पॅक पीयूचा (दोन भाग कालवायचं पॉलियुरेथेन). मात्र त्याचा हार्डनर आयसोसायनेट असतो, श्वासाला घातक; स्प्रे करणार असाल तर कापडी मास्क कुचकामी, कार्ट्रिजवालाच लागतो. डबा उघडा राहिला की हवेतल्या ओलीने हार्डनर बिघडतो, मग कोटला टाचणीएवढी भोकं.

रंधापटाशी
आणि तयार लूर मऊ रबरी आमिषांच्या (सॉफ्ट बेट) डब्यात टाकू नका. त्यातलं तेल कित्येक कोट मऊ करतं, लूर डब्याला चिकटून बसतो.