मदत हवी आहे : कलम १३२ लागलंय, पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज कसं मिळवायचं?

मंडळी, जरा घाईत लिहितोय.

मामेभावाला गेल्या शनिवारी रात्री नाकाबंदीत अडवलं. हेल्मेट नव्हतं, दंड भरायला तो तयार होता. पण हवालदारांनी गाडीची किल्ली काढून घेतली आणि याने त्यांचं मनगट धरलं. झालं! एफआयआरमध्ये मात्र 'कॉलर धरून धक्काबुक्की केली' असं आहे. भारतीय न्याय संहितेचं १३२ (आयपीसीचं जुनं ३५३, म्हणजे कामावरच्या सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर) आणि २२१ (जुनं १८६, म्हणजे सरकारी कामात अडथळा). १३२ अजामीनपात्र, त्यामुळे दोन रात्री आत काढल्या, मग जामीन झाला.

हवालदारांच्या छातीवर कॅमेरा होता, त्याचा लाल दिवा लुकलुकताना भावाने पाहिलाय. ठाण्यात विचारलं तर आधी 'बॅटरी उतरली होती', दुसऱ्या दिवशी 'फुटेज वरिष्ठांकडे गेलंय'. आता यातलं खरं काय धरायचं? आरटीआय टाकला तर उत्तराला ३० दिवस, तोवर पुसलं तर? सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग १८ महिने, निदान वर्षभर ठेवायला सांगितलंय. ते इथे चालेल का?

प्रतिसाद १
सैनीचा निकाल ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचा आहे, छातीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत ओढू नका. पण त्या रात्रीचं ठाण्यातलं फुटेज त्यात बसतं, आणि तेच आधी मागा. धक्काबुक्की झालेल्या हवालदाराची कॉलर ठाण्यात शिरताना कशी होती, ते त्यात दिसेल.

बॉडी कॅमेऱ्यासाठी आजच अर्ज द्या : तारीख, वेळ, ठिकाण, हवालदारांचा बक्कल नंबर आणि 'फुटेज जतन करावे' एवढंच. एक प्रत ठाण्यात, एक वरिष्ठांना, दोन्हींवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा. मग वकिलांकरवी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ९४ खाली कोर्टात अर्ज, फुटेज हजर करण्यासाठी. आरटीआयही टाका, पण 'तपास सुरू आहे' म्हणून नाकारतील.

२२१ चं एक बघा. त्यात संबंधित अधिकाऱ्याची कोर्टाकडे लेखी तक्रार लागते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१५), नुसत्या एफआयआरवर कोर्ट दखल घेत नाही. हा मुद्दा वकील लोकही विसरतात.

आणि मनगट धरणंसुद्धा 'बळाचा वापर' ठरू शकतं. ते इथे कशाला लिहिलंत?

धागाकर्ता
आभारी आहे. उद्या सकाळीच अर्ज घेऊन जातो. ॲडमिन, ते मनगटाचं वाक्य काढता येईल का?