जॉन लूथर अ‍ॅडम्स आणि अलास्का

स्थळावरून सुचलेले संगीत हे अखेर निसर्गवर्णनच असते, असे कोणी म्हणेल; पण हे मत जॉन लूथर अ‍ॅडम्स यांच्या बाबतीत मला अपुरे वाटते. १९७८ मध्ये अलास्कात स्थायिक झालेल्या या अमेरिकन संगीतकाराने फेअरबँक्सच्या संग्रहालयात २००६ साली अशी ध्वनिरचना उभारली, की जिच्यात भूकंपलहरी, ध्रुवीय प्रकाश आणि दिवस-रात्रीचा क्रम यांच्या त्या त्या क्षणीच्या नोंदींतूनच स्वर निर्माण होतात. तेथे वर्णन करणारा कोणी उरतच नाही. २०१४ चे पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या ‘बिकम ओशन’मध्ये वाद्यवृंदाचे तीन गट आपापल्या गतीने चढतात, ओसरतात आणि मोजक्याच क्षणी तिघांनाही एकाच वेळी भरती येते. सुमारे ४२ मिनिटांची ही रचना आपण सलग ऐकावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.