डोंबिवली-पुण्याच्या दोस्तांकडं जायचं हाय, मुक्काम करावा की लॉज?

पांदणवाला (ता. दारव्हा)
राजेहो, एक सल्ला पाहिजे. अकोल्याले कृषी कॉलेजात आम्ही तिघं एकाच रूमवर होतो. त्यातला एक आता डोंबिवलीले राहते अन् फोर्टला बँकेत जाते, दुसरा पुण्यात वाकडले, बियाण्याच्या कंपनीत. मी गावातच, कपाशी-तूर अन् थोडं ओलित. दोघंही फोनवर ये ना बे ये ना बे करतेत, पण म्हणण्यात अन् खरंच जाऊन धडकण्यात फरक असते. यंदा कापूस घरातून निघाला की जानेवारीत बायको-पोराले घेऊन जायचं म्हणून राहिलो, पोराले समुद्र पाहायचा हाय. आता डोंबिवलीवाल्याचं घर वन बीएचके, त्यात तेच चौघं. मागं एकटा गेलो होतो तं गडी रात्री नऊले घरी आला, जेवला अन् गोष्टी करता करता बसल्या जागी झोपला. मले लय लागलं ते, वाटलं दोस्ती संपली. घरी येऊन सांगितलं तं बाबा म्हणे, पेरणीच्या दिवसात तू कसा झोपतं मंग? म्हणून विचारतो, घरी राहावं की लॉज, अन् ज्याईनं गाव-शहर दोन्ही पाहिलं त्याईनं सांगा, नेमकं बरं कोणाचं चालू हाय?

फोर्थसीट (डोंबिवली, मूळचा मूर्तिजापूरचा)
भाऊ, दोस्ती नाही संपली, माणूस थकला फक्त. फास्ट लोकलनं सीएसएमटी सव्वा तास धरा, अलीकडं स्टेशनपर्यंत रिक्षाची लाईन, पलीकडं उतरून चालणं, जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास तर यातच जातात. अन् ते पण उभ्यानं. तीन जणांच्या बाकावर चौथा कडेला अर्धाच टेकतो, एक पाय पॅसेजमध्ये, तिला इथं फोर्थ सीट म्हणतात आणि ती मिळाली तरी दिवस चांगला गेला समजायचं. बसायला मिळावं म्हणून काही लोक उलटं कल्याणला जाऊन तिथून गाडी पकडून येतात, सांगा आता. त्यामुळं कामाच्या दिवशी आलात तर तो तुम्हाला फक्त झोपलेलाच दिसेल. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, तोच धरून या. समुद्र शनिवारीच उरकून घ्या, रविवारी बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, दुपारभर हाल. घारापुरीला लाँचनं जायचं असेल तर सोमवारी लेणी बंद असतात हेही लक्षात ठेवा.
विदर्भ एक्स्प्रेसनं येत असाल तर कल्याणलाच उतरा आणि रिक्षा करा. सकाळच्या गर्दीत बॅगा आणि लेकरू घेऊन लोकलमध्ये चढायच्या भानगडीत पडू नका. रिझर्वेशन आता 60 दिवस आधीच निघतं, पहिले 120 होते, तेव्हा आत्ताच तारीख पाहून ठेवा.

वर्ध्याची_लेक (ठाणे)
सगळं टाइमटेबल आलं, पण दोस्ताची बायको नोकरी करते का ते कुणी विचारलं का? आमच्याकडे पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, बाथरूम एक, आणि दोघांनाही आठच्या आत निघायचं असतं. पाहुणा नेमका त्याच वेळी ब्रश घेऊन उभा! लॉज मात्र करू नका हो, त्याला फार लागेल ते. दोन रात्री राहा, अंघोळी ते गेल्यावर करा, आणि एक दिवस सगळ्यांनी बाहेर जेवा, तुमच्या पैशानं. तुरीच्या शेंगा आणायच्या तर कृपा करून सोलून आणा. सासरच्यांनी मागं पोतंभर आणल्या, सोलायला मीच, रात्री अकरापर्यंत टीव्हीसमोर परात घेऊन.
कोणाचं बरं म्हणाल तर माझ्यापुरतं सांगते. रात्री दहाला मी लेडीज डब्यातून एकटी येते, कुठून आलीस म्हणून कोणी विचारत नाही. माहेरी संध्याकाळी दळण आणायला निघालं तरी चौकात चार जणांना उत्तर द्यावं लागतं.

वाकडचा_वऱ्हाडी
पुण्यात जागेचं टेन्शन नका घेऊ, बहुतेक गेस्ट बेडरूम असेल. प्रॉब्लेम गेटवर आहे. माझे बाबा डाळीचं पोतं खांद्यावर घेऊन आले, वॉचमन म्हणे ॲपवर अप्रूव्हल आल्याशिवाय सोडत नाही, मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंट, बाबा अर्धा तास पोत्यावर बसून. त्यानंतर ते आलेच नाहीत. जागा आहे पण उन्हाळ्यात टँकर, दारात गाडी आहे पण सिग्नलला उभी, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला कुरिअरवाल्याकडून कळलं. डोंबिवलीत निदान शेजारी किल्ली ठेवून घेतात. परत जाताना महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याहून थेट बडनेऱ्याला सोडते, दौंड-मनमाडवरून फिरून जाते म्हणून वेळ लागतो, पण गाडी बदलायची कटकट नाही.

परत_आलो (ता. मोर्शी)
मी पुणं सोडून संत्र्यात उतरलो, तेव्हा मलेही बोलू द्या. गावात निवांत असते हे शहरवाल्याईचं म्हणणं हाय. लाईन रात्रीची आली की रात्री दोन वाजता थंडीत मोटर चालू कराले जातो, वरून रानडुकराची जागल. तो पाचले उठते लोकलसाठी, आपण दोनले उठतो, झोप कोणाचीच स्वतःच्या मालकीची नाही. फरक पैशात हाय. त्याले एक तारखेले किती येणार ते माहीत असते. माह्या बगीच्याचा भाव व्यापारी झाडाखाली उभा राहून ठरवते अन् गारपीट झाली तर तोही फोन उचलत नाही. तरी मी परत पुण्याले जाणार नाही, का ते मले बी नीट सांगता येत नाही, मायबाप हायेत हे एक. तू जाय बिनधास्त. दोस्त झोपला तं झोपू दे, सकाळी चहा तूच मांड.

पांदणवाला
झालं, चौथा शनिवार धरला. वर्ध्याच्या ताई, दाणे सोलूनच आणतो, बायकोनंही वाचलं अन् मलेच बसवणार म्हणे सोलाले. पण ओले दाणे स्लीपरमध्ये रातभर टिकतीन का?

वर्ध्याची_लेक
टिकतात. निघायच्या दिवशीच सोला आणि कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये पाणी सुटतं.